विजेला जांभळट रंग कुठून येतो?
वर्ध्यात कपाशीच्या शेतावर वीज कडाडते तेव्हा दिसणारी जांभळट छटा मुख्यतः नायट्रोजनची. हवेत तो सुमारे 78 टक्के आहे. दिवसाचा प्रकाश त्यातून आरपार जातो, रेणू दाद देत नाही. विजेतले वेगवान इलेक्ट्रॉन मात्र त्यावर आदळतात; मिळालेली ऊर्जा तो निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या रूपात सोडतो. प्रचंड उष्णतेत त्याचा मजबूत तिहेरी बंधही तुटतो, आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रेट पावसाबरोबर मातीत उतरतं. फुकटचं खत, पण थोडंच!

त्यासाठी शेतात थांबू नका. चमक आणि गडगडाटात 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. धुऱ्यावरचं झाड सोडा, पक्कं घर गाठा. मोबाइलवर ‘दामिनी’ अ‍ॅपही ठेवा.