बायोसमधील हार्ड डिस्क क्षमतेची मर्यादा

बायोसमधील हार्ड डिस्क क्षमतेची मर्यादा म्हणजे जुन्या संगणकातील बायोसला ठराविक क्षमतेपलीकडची हार्ड डिस्क पूर्णपणे वापरता न येणे होय. अशा संगणकास मोठी डिस्क जोडल्यास ती कमी क्षमतेची दिसते, संगणक सुरू होताना थांबतो किंवा साठवलेली माहिती नष्ट होऊ शकते.

कारण

डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या, परंपरेने ५१२ बाइटच्या, कप्प्यांत साठवली जाते. प्रत्येक सेक्टरला पत्ता असतो. पत्त्यासाठी जितके बिट राखून ठेवलेले असतात, तितक्याच सेक्टरांपर्यंत संगणक पोहोचू शकतो.

प्रमुख मर्यादा

• ५२८ एमबी : बायोस १,०२४ सिलिंडर व ६३ सेक्टर, तर आयडीई जोडणी १६ हेड मान्य करीत असे. या तिन्हींचा ५१२ शी गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट होतो.
• ८.४ जीबी : हेडची संख्या २५६ पर्यंत वाढवूनही १,०२४ सिलिंडरची अट कायम राहिल्याने ही मर्यादा उद्भवली.
• ३३.८ जीबी : काही जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये आढळते. अशा वेळी संगणक डिस्क ओळखतानाच थांबतो.
• १३७ जीबी : २८ बिटांच्या पत्त्यामुळे येते. २००२ च्या एटीए-६ मानकाने ४८ बिटांचा पत्ता स्वीकारून ती दूर केली.
• २.२ टीबी : ही बायोसची नसून एमबीआर विभाजन तक्त्यातील ३२ बिटांच्या पत्त्याची मर्यादा आहे. जीपीटी तक्त्यात ती नाही.

उपाय

मदरबोर्ड निर्मात्याने सुधारित बायोस उपलब्ध केला असल्यास तो बसवणे हा मूलभूत उपाय आहे. अन्यथा स्वतःचा बायोस असलेले पीसीआय नियंत्रक कार्ड वापरता येते. काही डिस्कवर क्षमता ३२ जीबीपर्यंत मर्यादित दाखवणारा जंपर असतो. त्यामुळे संगणक सुरू होतो, परंतु उरलेली जागा सहसा वापरता येत नाही. लिनक्स सुरू झाल्यावर डिस्कशी थेट संवाद साधते. त्यामुळे केवळ तिच्या आरंभीच्या फाइली बायोसच्या आवाक्यातील विभागात ठेवाव्या लागतात.

माहितीस असलेला धोका

डिस्कची पूर्ण क्षमता पडद्यावर दिसली तरी ती सुरक्षित आहे असे ठरत नाही. कार्यप्रणालीसही ४८ बिटांचा पत्ता कळावा लागतो. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय सर्व्हिस पॅक १ पासून आहे. ती नसल्यास १३७ जीबीपुढे लिहिताना पत्त्याचे वरचे बिट गळून माहिती डिस्कच्या आरंभी लिहिली जाऊ शकते व विभाजन तक्ता पुसला जाऊ शकतो. हा दोष डिस्क त्या मर्यादेपर्यंत भरेपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून एकमेव प्रत अशा डिस्कवर ठेवण्यापूर्वी मर्यादेपलीकडे लिहून व वाचून पडताळणी करणे आवश्यक ठरते.