पुढची चाके, दोन कामे : बेंगळुरूच्या मोटारींच्या निमित्ताने टॉर्क स्टिअरचा इतिहास

१९८० च्या दशकाच्या आरंभी बेंगळुरूच्या सनराइज ऑटोमोटिव्ह या कंपनीने ‘डॉल्फिन’ नावाची छोटी मोटार बाजारात आणली. हीच कंपनी पुढे सिपानी या नावाने परिचित झाली. ब्रिटनच्या रिलायंट किटनचा डॉल्फिन हा भारतीय अवतार होता. फायबरची हलकी बॉडी, पुढे ८४८ सीसीचे इंजिन आणि तेथून लांब शाफ्टमार्गे मागच्या चाकांना मिळणारी गती, अशी तिची रचना होती. रॅलीच्या शौकिनांना ती आवडली. मात्र डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० अवतरली आणि छोट्या मोटारींच्या बाजारात डॉल्फिनचा टिकाव लागला नाही.

मारुतीच्या यशामागे अनेक कारणे होती. त्यांतले एक बॉनेटखाली दडलेले होते. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि ते पुढच्याच चाकांना फिरवत होते. मागे जाणारा शाफ्ट नाही, मागचा अवजड डिफरन्शियल नाही. त्यामुळे इवल्याशा गाडीत चौघांना ऐसपैस जागा मिळाली. या सोयीची एक किंमत असते. पुढच्या चाकांना एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : गाडी ओढणे आणि दिशा देणे. पहिले काम दुसऱ्यात ढवळाढवळ करू लागले, की जोराने ॲक्सिलरेटर दाबताच स्टिअरिंग आपोआप एका बाजूला खेचले जाते. यालाच ‘टॉर्क स्टिअर’ म्हणतात.

हे का घडते ते एका सोप्या गणिताने पाहू. समजा, इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरमध्ये तो एकूण १२ पट होतो. डिफरन्शियल तो दोन चाकांत समान वाटतो, म्हणजे प्रत्येकी १२०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर प्रत्येक चाक गाडीला ४००० न्यूटन बलाने पुढे ओढते. आता चाक ज्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळते, तो अक्ष चाकाच्या मध्यापासून थोडा आत असतो. हे अंतर ५ सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चाकाला आतल्या बाजूस वळवू पाहणारे आघूर्ण २०० न्यूटन-मीटर भरते. डावे चाक उजवीकडे वळू पाहते, उजवे डावीकडे. दोन्ही चाके स्टिअरिंगच्या दांड्यांनी जोडलेली असल्यामुळे ही तुल्यबळ रस्सीखेच बरोबरीत सुटते आणि चालकाच्या हाताला काहीच जाणवत नाही. सरळ चालणारी गाडी शांत भासते खरी, पण ती शांतता दोन मोठ्या बलांच्या समतोलाची असते.

हा समतोल कशाने ढळतो? याचे उत्तर मोटारीच्या इतिहासात सापडते. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’मध्ये इंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्या खाली बसवला. १९६४ साली इटलीच्या दांते जाकोसा यांनी ऑटोबियांकी प्रिमुला या मोटारीत गिअरबॉक्स इंजिनाच्या एका टोकाला जोडला. ही मांडणी बांधायला सोपी होती आणि १९६९ च्या फियाट १२८ नंतर ती जगभर रूढ झाली. मात्र तीत डिफरन्शियल गाडीच्या मध्यावर राहत नाही. एका चाकाकडे जाणारा शाफ्ट आखूड होतो, दुसऱ्याकडचा लांब.

या विषमतेचे दोन परिणाम होतात. लांब शाफ्ट अधिक पिळवटतो, म्हणून अचानक टॉर्क आला की त्या बाजूच्या चाकापर्यंत तो किंचित उशिरा पोहोचतो. शिवाय वेग घेताना गाडीचे नाक वर उचलले जाते. तेव्हा आखूड शाफ्ट सांध्यापाशी अधिक तिरपा होतो. तिरप्या सांध्यातून जाणारा टॉर्क चाकाला वळवणारे आघूर्णही निर्माण करतो आणि ते दोन्हीकडे सारखे नसते. यांपैकी पहिल्या दोषावर फियाट १२८ मध्ये सुंदर उपाय योजलेला होता : आखूड शाफ्ट भरीव आणि लांब शाफ्ट पोकळ पण जाड, जेणेकरून दोघांचा पीळ जवळजवळ सारखा राहावा.

इंजिने लहान होती तोवर हे पुरेसे ठरले. मारुती ८०० ची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्याही आत होती. तिच्या चालकाला हा दोष जाणवण्याचे कारणच नव्हते. टर्बोचार्जर आला आणि चित्र पालटले. १९८५ ची ब्रिटिश एमजी मॉन्टेगो टर्बो १५० अश्वशक्तीची होती. टर्बोचा जोर एकदम येई आणि स्टिअरिंग हातातून ओढले जाई. या खोडीबद्दल ती कुप्रसिद्ध झाली. योगायोग असा, की १९९० च्या दशकात सिपानीने बेंगळुरूत मॉन्टेगोचीच साधी, कौटुंबिक आवृत्ती जोडून विकली. मागच्या चाकांच्या डॉल्फिनपासून पुढच्या चाकांच्या मॉन्टेगोपर्यंतचा प्रवास या एका उद्योगाने दहा-बारा वर्षांत केला.

शक्ती कमी न करता समतोल राखणे, या दिशेने पुढची वाटचाल झाली. लांब बाजूच्या शाफ्टचे दोन भाग करून आतला भाग इंजिनालाच बेअरिंगवर बसवला, की चाकांकडचे दोन्ही शाफ्ट समान लांबीचे होतात. रेनोने २००४ च्या मेगान आरएसमध्ये आणि फोर्डने २००९ च्या ३०० अश्वशक्तीच्या फोकस आरएसमध्ये वळण्याचा अक्षच चाकाच्या मध्याजवळ नेला. आपल्या गणितातले ५ सेंटिमीटर निम्म्यावर आणले, तर रस्सीखेचही निम्मी होते. मग दोन्ही बाजू असमान झाल्या तरी हाताला बसणारा झटका सौम्य राहतो.

हा प्रश्न आज विद्युत मोटारींमुळे पुन्हा ताजा झाला आहे. विद्युत मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते. जानेवारी २०२० मध्ये भारतात आलेली एमजी झेडएस ईव्ही पुढच्या चाकांना सुमारे ३५० न्यूटन-मीटर पुरवते. टाटांची नेक्सॉन ईव्हीही पुढच्याच चाकांवर चालते. टॉर्क किती झपाट्याने वाढू द्यायचा हे सॉफ्टवेअर ठरवते. मात्र ते टॉर्कला लगाम घालते, भूमिती बदलत नाही. पावसाळ्यात एक चाक ओल्या पट्ट्यावर आणि दुसरे कोरड्या डांबरावर असेल, तर समतोल क्षणात मोडू शकतो. आणि दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकताना चालक पूर्ण जोर लावतो, नेमका तोच हा क्षण असतो.

दुसरा मार्गही आहे, आणि त्याचेही एक उदाहरण बेंगळुरूचेच. २००१ साली तेथे जन्मलेली ‘रेवा’ मागच्या चाकांवर चालत असे. तिची ताकद बेताची असल्यामुळे टॉर्क स्टिअरचा प्रश्न उद्भवलाच नसता. २०१० मध्ये रेवा महिंद्राकडे गेली, आणि महिंद्राच्या २०२४ मधील बीई ६ ची मोटरही मागेच आहे. बॅटरी जमिनीलगत आणि मोटर आटोपशीर असल्यामुळे, पुढच्या चाकांनी वाचवलेली जागा आता मागच्या चाकांनाही फारशी गमवावी लागत नाही. ज्या कारणासाठी मारुतीची रचना डॉल्फिनपेक्षा सरस ठरली, ते कारणच विद्युत युगात क्षीण झाले आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे टिपून ठेवावे : कोणतीही रचना कायमची श्रेष्ठ नसते, ती ज्या अडचणीवरचा उपाय असते, ती अडचण सरली की हिशेब नव्याने मांडावा लागतो. आणि तोवर, पुढच्या चाकांची जोरकस गाडी चालवताना ॲक्सिलरेटर दाबण्यापूर्वी दोन्ही हात स्टिअरिंगवर असू द्यावेत.