कारागीर घडतो कार्यशाळेतच

पनवेललगतचे करंजाडे ही सिडकोने विकसित केलेली वसाहत. नवी मुंबई विमानतळासाठी या परिसरातील १० गावांचे स्थलांतर झाले. २५ डिसेंबर २०२५ रोजी विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. जमीन गेलेल्या कुटुंबांतील तरुणांना तेथे कुशल काम मिळेल का, हा प्रश्न व्यवसाय शिक्षणाच्या दर्जाशी निगडित आहे.

देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून (आयटीआय) राबविली जाते. येथील अध्यापनाचा कणा म्हणजे प्रात्यक्षिक. निदेशकाने काम करून दाखवायचे, प्रशिक्षणार्थ्याने ते स्वतः करायचे, मोजमाप घेऊन चूक शोधायची आणि पुन्हा करायचे, असा हा क्रम. यंत्र एक आणि हात अनेक झाले, की तो तुटतो. निदेशकांसाठी यामुळेच स्वतंत्र प्रशिक्षण योजना आहे; तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातील अनुभवाची सोय केली.

विमानतळाच्या उद्घाटनादिवशी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, राज्यातील ४०० शासकीय आयटीआय व १५० शासकीय तांत्रिक विद्यालयांसाठी अल्पमुदतीच्या रोजगारक्षम अभ्यासक्रमांची योजनाही सुरू झाली. तीत २,५०० तुकड्या प्रस्तावित असून ३६४ केवळ महिलांसाठी आहेत. मात्र, मुदत जितकी अल्प, तितका सरावाचा प्रत्येक तास मोलाचा. प्रमाणपत्राची किंमत अखेर हातातील कौशल्यावरच ठरते.