संगणकीय खिडकीचा आकार आणि वापरकर्त्याचा अधिकार : कोकणच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या काही दिवस आधी, २७ एप्रिल १९८१ रोजी, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने 'स्टार' हा संगणक जाहीर केला. पडद्यावरील खिडक्या, चित्रचिन्हे आणि माऊस यांच्या आधारे चालणारा हा आरंभीचा व्यापारी संगणक होय. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तथापि २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाच्या निमित्ताने खिडकी उघडणे, मोठी करणे, लहान करणे व बंद करणे हे धडे जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रशिक्षण केंद्रांत गिरवले जाऊ लागले. खिडकी लहानमोठी कशी करावी हे विद्यार्थी सहज शिकतो. परंतु ती उघडतानाच किती मोठी असावी हे कोण ठरवते, हा प्रश्न सहसा अनुत्तरित राहतो. त्या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

फरशीसारख्या खिडक्या ते एकमेकींवरील खिडक्या

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा संगणक तयार झाला. एकमेकींवर येणाऱ्या खिडक्यांची कल्पना त्याच केंद्रातील 'स्मॉलटॉक' या प्रणालीत आकारास आली. असे असूनही 'स्टार'मध्ये कार्यक्रमांच्या खिडक्या फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी मांडल्या जात. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही हीच पद्धत होती. नवी खिडकी उघडली की आधीच्या खिडक्यांना आक्रसून जागा द्यावी लागे. अशा मांडणीत पसंतीच्या आकाराला फारसा अर्थ नव्हता.

१९८४ मधील 'मॅकिंटॉश' आणि १९८७ मधील विंडोजची दुसरी आवृत्ती यांमुळे एकीवर एक खिडकी ठेवण्याची मुभा सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचली. आकार आता निवडीचा विषय झाला. मात्र आज निवडलेला आकार उद्या पुन्हा कसा मिळावा, हा नवा प्रश्न त्यातूनच उद्भवला.

तीन दावेदार

खिडकीच्या आकारावर तिघांचा दावा असतो : कार्यक्रम, खिडक्यांचे व्यवस्थापन करणारी प्रणाली आणि वापरकर्ता. या तिघांचे संबंध अधिक स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'एक्स विंडो' प्रणालीस द्यावे लागेल. तेथे कार्यक्रम सुरू करतानाच 'जॉमेट्री' या सूचनेद्वारे रुंदी, उंची व स्थान आकड्यांत सांगता येई. अक्षरी पडद्याच्या खिडकीसाठी ८० स्तंभ व २४ ओळी हे माप रूढ होते. त्यातील ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ मधील ८० स्तंभांच्या छिद्रपत्राची आठवण करून देतो. कोणीच काही न सांगितल्यास जो आकार मिळतो, त्यामागेही असा जुना इतिहास दडलेला असतो.

पुढे या प्रणालीसाठी आखलेल्या संकेतांत एक महत्त्वाचा भेद करण्यात आला. विशिष्ट आकार वापरकर्त्याने मागितला आहे की कार्यक्रमाने स्वतःहून सुचवला आहे, याची नोंद वेगवेगळ्या खुणांनी होऊ लागली. त्यामुळे व्यवस्थापकास वापरकर्त्याच्या इच्छेला अधिक मान देणे शक्य झाले. अंतिम निर्णय व्यवस्थापकाचाच राहिला. परंतु मागणी कोणाची होती, हे त्याला कळू लागले.

विंडोजमध्ये वेगळा मार्ग स्वीकारला गेला. शॉर्टकटच्या गुणधर्मांत सामान्य, लघुतम आणि महत्तम असे तीन पर्याय असतात. रुंदी-उंचीचे आकडे तेथे देता येत नाहीत. निवडलेला पर्याय कार्यक्रमास सूचनेच्या रूपात मिळतो आणि काही कार्यक्रम तो पाळतही नाहीत. मागील आकार लक्षात ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने कार्यक्रमावरच असते. अनेक कार्यक्रम खिडकी बंद होताना तिचे माप त्या वापरकर्त्याच्या खात्यात नोंदवतात व पुढील वेळी तेच वापरतात.

कोकणातील एक प्रयोग

खिडकीच्या आकाराचा प्रश्न मुळातच उद्भवू नये, अशी रचना कोकणातील एका शाळेने अनुभवली. ऑक्टोबर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात धनगरवाडा येथील लहानशा शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचा भारतातील आरंभीचा प्रयोग सुरू झाला. या लॅपटॉपचा पडदा साडेसात इंचांचा होता आणि 'शुगर' या त्याच्या प्रणालीत प्रत्येक कृती संपूर्ण पडदा व्यापूनच उघडत असे. लहान पडदा व नवशिकी मुले यांचा विचार करता ही रचना सयुक्तिक होती. तथापि दोन मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय तीत उरली नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

मराठी लिपी आणि सामायिक संगणक

मराठी वापरकर्त्यासाठी आकाराचा प्रश्न केवळ आवडीचा नाही. विंडोज २००० मध्ये 'मंगल' या टंकासह युनिकोड देवनागरीची सोय झाली. देवनागरीत वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येत असल्याने ओळीस अधिक उंची लागते. 'सेव्ह' या शब्दाच्या मापाने आखलेल्या बटणात 'जतन करा' हे शब्द मावतीलच असे नाही. इंग्रजीच्या मापाने ठरलेल्या आणि ताणून मोठ्या न करता येणाऱ्या संवादचौकटीत मराठी मजकूर कापला जाण्याचा धोका म्हणूनच संभवतो.

दुसरा प्रश्न सामायिक संगणकाचा. पसंतीची नोंद खात्यात होते. परंतु प्रयोगशाळेत सर्व विद्यार्थी एकाच खात्यातून संगणक वापरत असतील, तर एकाने सोडलेला आकार दुसऱ्याच्या वाट्याला येतो. संगणक पुन्हा सुरू होताच मूळ स्थितीत आणणारी व्यवस्था असेल, तर कोणाचीच पसंती टिकत नाही. अशा ठिकाणी वापरकर्ता हा तिसरा दावेदार यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

निष्कर्ष

खिडकीच्या आकाराचा इतिहास हा वापरकर्त्याची इच्छा स्वतंत्रपणे नोंदवली जाण्याचा इतिहास आहे. ज्या विद्यार्थ्याची संगणकाशी ओळख घरच्या यंत्रावर न होता केंद्रात किंवा महाविद्यालयात होते, त्याच्यापर्यंत हा अधिकार पोहोचायचा असेल, तर दोन गोष्टी आवश्यक ठरतात : प्रत्येकास स्वतंत्र खाते आणि आकार कोठे नोंदवला जातो याचे शिक्षण. सिंधुदुर्गातील मालवण ते सावंतवाडी परिसरातील महाविद्यालयांना यासाठी नवी यंत्रे घ्यावी लागणार नाहीत. असलेल्या यंत्रांवर प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागेल.