दृष्टिपटलाचा ऱ्हास आणि मूलपेशी : आशा व सावधगिरी

डोळ्याच्या मागच्या आतील बाजूस दृष्टिपटल असते. त्यातील प्रकाशग्राही पेशी नष्ट झाल्या की शरीर त्या पुन्हा निर्माण करू शकत नाही. ‘रेटिनायटिस पिगमेंटोसा’ या आनुवंशिक विकारात प्रथम रातांधळेपणा येतो, मग नजरेच्या कडा आकसत जातात. उतारवयातील पीतबिंदूच्या ऱ्हासात मात्र मधली नजर मंदावते.

मध्य प्रदेशातील रामाकोना, सौंसर या मराठीभाषक पट्ट्याला हा विषय परका नाही. सीमेपलीकडील नागपूरच्या ग्रामीण भागात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत ३० वर्षांवरील ४,७११ जणांचे डोळे तपासले गेले. साधारण ७५० जणांमागे एकाला रेटिनायटिस पिगमेंटोसा असल्याचे त्यातून दिसले. मामे-आते भावंडांतील विवाहांमुळे अशा विकारांचा धोका वाढतो, कारण दोन्ही पालकांत एकच सदोष जनुक असण्याची शक्यता अधिक असते.

मूलपेशींचा उपयोग दोन मार्गांनी करण्याचा प्रयत्न सुरू आहे. प्रकाशग्राही पेशींचे पोषण करणारा रंगद्रव्यपेशींचा थर प्रयोगशाळेत वाढवून बसवणे, हा पहिला मार्ग. दुसऱ्यात डोळ्यात सोडलेल्या पेशींनी पोषक द्रव्ये स्रवून उरलेल्या पेशी जगवाव्यात, अशी अपेक्षा असते. दोन्हींसाठी काही पेशी जिवंत असणे आवश्यक ठरते. म्हणून निदान लवकर व्हावे लागते.

जपानमधील कोबे येथे २०१४ मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या चमूने सत्तरीतील एका महिलेच्या त्वचेपासून तयार केलेला असा थर तिच्याच डोळ्यात बसवला. नजर सुधारली नाही, पण ऱ्हास थांबला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळल्याने त्याचे रोपण रोखण्यात आले.

ही दक्षता सुटली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडात घडले. तेथे पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी तीन महिलांच्या दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दृष्टिपटलासाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे कोणी पैसे घेऊन खात्रीचा उपचार देऊ करत असेल, तर तोच धोक्याचा इशारा मानावा. चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे पडताळता येते. नेत्रदानातून मिळणारे पारपटल हा या विकारांवरचा उपाय नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

तोवर हाती असलेले उपाय थोडे असले तरी खरे आहेत. रातांधळेपणा जाणवताच दृष्टिपटलतज्ज्ञाकडून तपासणी करावी. भावंडांचे डोळे तपासून घ्यावेत. विवाहापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा. सोबतचा मोतीबिंदू डॉक्टरांच्या सल्ल्याने काढावा आणि उरलेल्या नजरेचा वापर वाढवणारी साधने घ्यावीत.