आरामखुर्चीचे हात इतके लांब का असतात?

खानदेशातील एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर किंवा सरकारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात तुम्ही ती पाहिली असेल. सागाची, वेताने विणलेली, मागे कललेली खुर्ची. तिचे हात बसणाऱ्याच्या मनगटापाशी संपत नाहीत. गुडघ्यांच्याही पुढे, हवेत दीडदोन फूट गेलेले असतात. एवढ्या लांब हातांवर कोणाचे हात पोहोचणार?

कोणाचेच नाहीत. ते पायांसाठी होते. दिवसभर घोड्यावर रपेट करून आलेल्या साहेबाने मागे रेलायचे, एक पाय उचलून खुर्चीच्या एका हातावर टाकायचा, दुसरा दुसऱ्यावर. आणि नोकराने समोर उभे राहून बूट ओढून काढायचे. इंग्रजीत ही खुर्ची चहा-कॉफीच्या मळेवाल्यांच्या नावाने ओळखली जाते. गोव्यातल्या जुन्या घरांत तिच्या बहिणीला 'वोल्तेर' म्हणतात. आपण तिला सरसकट आरामखुर्ची म्हणतो आणि आराम कोणाचा, हे विचारीत नाही.

हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे. थोडा लांबेल. गेले दोन महिने मी भडगावात एका वृद्ध मिस्तरींच्या अंगणातल्या कामशाळेत अशी एक खुर्ची घडवायला शिकते आहे, त्यामुळे इतिहासाबरोबर थोडा लाकडाचा भुसाही तुमच्या अंगावर उडेल.

आधी शब्द. 'खुर्ची' आपल्याकडे आली ती अरबी 'कुर्सी'वरून, फारसीच्या वाटेने. त्या अरबी शब्दाचे मूळ आणखी मागे, मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेत सापडते. तिथे 'कुस्सू' म्हणजे सिंहासन. 'आराम' फारसी. 'साग' मात्र इथला, आणि तो उलट दिशेने गेला : अरबीत सागाला 'साज' म्हणतात. लाकूड इकडून तिकडे गेले, त्यावर बसण्याचा शब्द तिकडून इकडे आला.

शब्द जुना असला तरी वस्तू घराघरांत नव्हती. पेशवाईच्या अखेरीपर्यंत आपल्याकडचे बसणे जमिनीच्या जवळचे होते : जाजम, गादी, लोड, तक्क्या, पाट, फार तर बाज किंवा झोपाळा. मान दाखवायचा तो उंचीने आणि जागेने. कोण गादीवर, कोण जाजमावर, कोण उंबऱ्याबाहेर. आणि या सगळ्या बसण्यांत एक नियम समान होता : पाय दुमडून आत घ्यायचे. समोरच्याकडे तळपाय करणे म्हणजे त्याचा अपमान. आजही घरात लहान मूल पाहुण्यासमोर पाय पसरून बसले की आई डोळे वटारते.

आता त्या लांब हातांच्या खुर्चीकडे पुन्हा पाहा. तिच्यात रेललेल्या माणसाचे दोन्ही तळपाय, जवळजवळ छातीच्या उंचीवर, समोर उभ्या असलेल्याच्या तोंडाकडे होतात. बंगल्याच्या व्हरांड्यात अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या पाटलाला किंवा कुळकर्ण्याला काय दिसत असेल, याची कल्पना करायला कागदपत्रांची गरज नाही. साहेबाच्या मनात अपमान करण्याचा हेतू असेलच असे नाही. त्याला फक्त पाय मोकळे करायचे होते. परंतु ज्याच्या समोर पाय दुमडण्याची आपल्याला गरज वाटत नाही, त्याला आपण कोण समजतो, हे लपत नाही.

१८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यात ठाण मांडले. १८२५मध्ये जेम्स औट्रम खानदेशात आला आणि धरणगावी त्याने भिल्लांची पलटण उभारली. पुढच्या काळातल्या अंमलदारांचे अर्धे आयुष्य फिरतीवर जाई. हिवाळ्यात तंबू, पेट्या, टेबलखुर्च्या बैलगाड्यांवर चढत आणि कचेरी गावोगाव हिंडे. या फिरस्तीने फर्निचरची एक वेगळी जातच जन्माला घातली : सुटे होणारे, दोरखंडात बांधता येणारे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करी अभियंत्यांच्या रुडकी गावावरून नाव पडलेली एक खुर्ची प्रसिद्ध झाली. तिला सरस नाही, खिळा नाही; चार पाय, चार आडव्या पट्ट्या आणि जाड कापड. कारे क्लिंट या डॅनिश रचनाकाराने १९३३मध्ये याच घडणीवरून 'सफारी' खुर्ची केली. ती आज आधुनिक अभिरुचीचा नमुना म्हणून संग्रहालयांत ठेवली जाते, आणि आपल्याकडे तिच्या चुलतबहिणी माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत. असो.

गिरणाकाठचे भडगाव या नकाशावर अगदीच आडबाजूला नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे सरकारची प्रायोगिक शेती होती. कापसाच्या वाणांपासून चाऱ्याच्या साठवणीपर्यंतचे प्रयोग तिथे झाले. त्याच काळात मुंबईहून निघालेली आगगाडी खानदेशातून पुढे गेली. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६५नंतर तो कोसळला. मधल्या काळात ज्यांच्या हाती रोकड खेळली, त्यांच्या घरांत नव्या वस्तू आल्या : काचेच्या हंड्या, भिंतीवरचे घड्याळ, खुर्ची. मुंबईत शिसवीच्या कोरीव फर्निचरचा धंदा होताच. पण भडगाव-पाचोऱ्याच्या बागायतदाराला सोयीचा होता तो त्याच्याच गावचा सुतार.

इथे एक अडचण उभी राहिली. गावचा सुतार बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, गाडी दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, हा त्याचा करार. आरामखुर्ची या करारात कुठेच बसत नव्हती. तिचा पेरणीशी संबंध नाही, मळणीशी नाही. म्हणून तिचे पैसे वेगळे आणि रोख. बलुतेदारी मोडली ती कायद्याने, शहराने, कारखान्याने मोडली असे आपण परीक्षेत लिहितो. पण साहेबी वस्तूंच्या अशा लहानलहान रोख कामांनीही त्या व्यवस्थेच्या सांध्यात पाचर मारली असावी, असे मला वाटते. वाकस चालवणारा तोच हात सकाळी धान्यावर आणि दुपारी रुपयांवर राबू लागला.

आणि लाकूड? खानदेशच्या बाजारात साग उतरे तो सातपुड्याचा किंवा डांगचा. १८४०च्या दशकाच्या आरंभी कंपनी सरकारने डांगच्या भिल्ल राजांकडून साग तोडण्याचे पट्टे करून घेतले. जहाजांसाठी त्या लाकडाला अतोनात मागणी होती. डांगचा कारभार पुढे दीर्घकाळ खानदेशातूनच पाहिला जात असे. १८४७मध्ये मुंबई इलाख्याला अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक मिळाले. १८७८च्या वन कायद्याने तर राखीव जंगल ही चौकटच पक्की केली. पिढ्यान् पिढ्या घराच्या मेढीसाठी साग तोडणारा भिल्ल त्याच सागासाठी गुन्हेगार ठरू लागला. सागावर हल्ली फार हळवे लिहिले जाते : त्याचे तेल, त्याचा सोनेरी रंग, वाळवीला न बधणारा गाभा. सगळे खरे. पण खानदेशातल्या जुन्या खुर्चीवर हात फिरवताना ते लाकूड कोणाच्या रानातून, कोणत्या पट्ट्याने आले, हेही त्या गुळगुळीतपणाखाली आहे.

आता प्रत्यक्ष घडण. मिस्तरीबाबांनी मला पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावू दिला नाही. अहिराणीत म्हणाले, "पहिले मानूस मोज, मंग लाकूड." खुर्ची माझ्या आजीसाठी आहे. तिच्या गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर पंधरा इंच तीन सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मीटरपट्टी येऊन किती वर्षे झाली, तरी सुताराच्या तोंडी सूतच.) बैठक याहून उंच झाली तर पाय लोंबतात, फार खोल झाली तर कड पोटरीत रुतते.

या खुर्चीचा जीव तिच्या दोन वाकड्या बाजूपट्ट्यांत असतो. बैठक आणि पाठ त्यांच्यावर सलग उतरतात. सरळ फळीतून वाक कापला तर वळणावर लाकडाचे तंतू आडवे छेदले जातात आणि नेमके तिथेच, वजनाच्या जागी, पट्टी मोडते. म्हणून तंतूच मुळात वळलेले असतील अशी फळी शोधावी लागते. आम्हाला ती एका पाडलेल्या घराच्या जुन्या लाकडांत सापडली. मागचे पाय थोडे बाहेर फाकवतात, नाहीतर माणूस रेलला की खुर्ची मागे उलटेल. सांधा साधाच : एका लाकडात पटाशीने पाडलेले चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट बसणारे कुसू, आणि आरपार बांबूची खुंटी. कुसू सैल झाले तर सरस वाचवत नाही. पहिल्या आठवड्यात मी सहा कुसवे वाया घालवली. मिस्तरीबाबांनी ती न बोलता चुलीशेजारी रचून ठेवली.

लांब हात घडवणे हे यातले सर्वांत खर्चिक काम. माणसाच्या पायाचे वजन हाताच्या अगदी टोकावर पडते, म्हणजे पुढच्या पायाच्या सांध्यावर तरफेसारखा जोर येतो. त्यामुळे हात मागून पुढपर्यंत अखंड लाकडाचा हवा, मध्ये जोड चालत नाही. काही खुर्च्यांत ही लांबी लपवलेली असते : हाताच्या पोटाशी दुसरी पट्टी, बोल्टवर फिरणारी, हवी तेव्हा बाहेर ओढायची.

आपल्या घरांतली जी आरामखुर्ची बहुतेकांना आठवते, तिचे हात मात्र आखूड असतात. घडीची चौकट, मागच्या दांड्यासाठी तीनचार खाचा, आणि पट्ट्यापट्ट्यांचे जाड कापड. कापडाला दोन्ही टोकांना लेंग्याला असतो तसा नेफा, त्यात दांडा. वेत परगावचा, विणकर दुर्मीळ. कापड फाटले तर घरी शिवता येते, मळले तर धुता येते. १८७०च्या दशकात जळगावात गिरणी निघाल्यावर तर जिल्ह्यातच कापड तयार होऊ लागले. लाकूडही कमी लागते. तेव्हा हात आखूड झाले ते काटकसरीने, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण मला तेवढेच कारण पुरेसे वाटत नाही. ज्यांना परवडत होते अशा वाड्यांतही रोजच्या बसण्यात आखूड हातांची खुर्चीच रुळली. ओसरीवर समोर व्याही बसलेले असताना, तुळशीकडे तोंड असताना, पाय वर टाकून पसरणे आपल्या घराला सोसणारे नव्हते. सुताराने मागे रेलणे घेतले आणि तळपाय वगळले. ही दुरुस्ती कोणत्याही नकाशावर काढलेली नाही. विल्यम मॉरिसच्या कंपनीने १८६६च्या सुमारास ससेक्समधल्या एका खेडवळ सुताराकडची मागेपुढे होणारी पाठीची खुर्ची उचलली, तेव्हा त्या सुताराचे नाव, इफ्रायम कोलमन, एका पत्रामुळे टिकले. आपल्या सुतारांनी खुर्चीखाली नाव कोरण्याची रीत नव्हती.

आणि तरीही दुरुस्ती अर्धीच राहिली. आखूड हातांची खुर्ची आली ती आजोबांची झाली. पेन्शनीत निघालेले मास्तर, तलाठी, घरचा कर्ता. सुनेने तिच्यावर रेलायचे नाही, हा नियम कोणी सांगितला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता. आमच्या आजोबांची कापडी खुर्ची ते गेल्यावर अकरा वर्षे पडवीत होती. आजी तिच्यावर धुतलेल्या गोधड्या वाळत घाली. बसली कधी नाही. खुर्ची घडवणारा सुतार मात्र कल तपासायला एकदा तिच्यात रेलतोच. म्हणजे कित्येक खुर्च्यांचा पहिला बसणारा तिचा कर्ता होता, आणि दुसऱ्यांदा बसण्याचा प्रसंग त्याला क्वचितच आला असेल.

आजीच्या खुर्चीचा कल आम्ही कमी ठेवला आहे, कारण फार मागे झुकलेल्या पाठीतून दुखऱ्या गुडघ्यांनी उठता येत नाही. हात एकोणीस इंचांवर कापले. उठताना तिचा तळवा जिथे जोर देतो, तिथे बोटांत मावेल अशी गोलाई दिली. वेत मात्र हट्टाने घेतला. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशी गाठतो आणि कापड पाठीला चिकटते; वेतातून वारा येतो. विणकाम सहा फेऱ्यांचे : दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. त्यातून ती ओळखीची आठकोनी भोके उमटतात. वेत भिजवून ओलाच विणायचा, प्रत्येक छिद्रात तात्पुरती बांबूची खुंटी ठोकून ताण धरायचा. वाळला की तो आपोआप आवळतो.

चौथी फेरी काल संपली. आजी रोज संध्याकाळी कामशाळेपर्यंत येते, खाली ओट्यावर पाय दुमडून बसते आणि खुर्ची पडवीत कोणत्या बाजूला तोंड करून ठेवायची, यावर मिस्तरीबाबांशी वाद घालते.