गाडीतली खरखर कुठून येते?

आजची गोष्ट आमच्या गटाच्या वहीतल्या एका खर्चापासून सुरू होते. डेक बदलला, रुपये ३,४००.

गटाचा छोटा हत्ती आहे. पापड, मसाले, शेवया घेऊन तो चिखलीपासून मलकापूरपर्यंतचे बाजार करतो. त्यात डेक आहे, मागे ॲम्प्लिफायर आणि टपावर भोंगा. जाहिरात आम्हीच पेनड्राइव्हवर भरलेली. गाडी बंद असताना आवाज स्वच्छ यायचा. इंजिन सुरू झालं की मात्र भोंग्यातून ‘कुंईं’ असा बारीक सूर निघायचा, आणि ड्रायव्हरभाऊंनी रेस दिली की तो चढत जायचा. बाजारात एका आजीने विचारलं, “बाई, पापडात डास शिरला का वं?”

दुकानदार म्हणाला, डेक खराब आहे. डेक बदलला, सूर तोच. मग तो म्हणाला, प्लगचा आवाज आहे, गाडी म्हटलं की चालायचंच. आम्ही मान डोलावली. पण मनात राहिलंच, म्हणून या भाषणाच्या निमित्ताने खरखरीचा इतिहास शोधायला बसले.

पहिलीच गोष्ट मजेची निघाली. आज जी ठिणगी रेडिओत खरखर करते, तिच्यातूनच रेडिओ जन्माला आला. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विजेची ठिणगी पाडली, तिच्या लहरी भिंतींपलीकडे गेल्या आणि तिकडची घंटा वाजली. मार्कोनीच्या बिनतारी संदेशांमागेही सुरुवातीला ठिणगीच होती. टायटॅनिक बुडाली तेव्हा, १९१२ साली, मदतीची हाक अशाच ठिणग्यांच्या यंत्रातून गेली. पुढे माणसाचं बोलणं आणि गाणं लहरींवर चढवता यायला लागलं, आणि ठिणगी नकोशी झाली. ढगातली वीज, पंपाच्या स्टार्टरचा खटका, पेट्रोल गाडीचा प्लग, सगळ्या ठिणग्याच. त्या लहरी सोडतात आणि रेडिओ बिचारा त्याही पकडतो.

गाडीत रेडिओ बसवायचा तर या प्लगांशी भांडण आलंच. १९३० साली अमेरिकेत शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी विकण्याजोगा कार रेडिओ तयार केला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. त्यांच्या कामात एल्मर वेव्हरिंग नावाचा तरुण होता. इंजिन चालू झालं की प्लगांचा तडतडाट गाणं गिळून टाकायचा. यावरचा उपाय म्हणजे प्लगच्या वायरीत रोध बसवणं, जनरेटरला कपॅसिटर लावणं, आणि सैल पत्रे बॉडीला घट्ट जोडणं. म्हणजे सुतासारखा सरळ उपाय नव्हताच. एकेक ठिणगी शोधून तिथेच दाबायची.

पण ठिणगी दाबण्याऐवजी तिला ऐकायचंच नाही, असा रेडिओ करता येईल का? हे केलं एडविन आर्मस्ट्राँग यांनी. तोवर आवाज लहरींच्या उंचीत भरला जाई आणि ठिणगीही उंचीच बिघडवते. आर्मस्ट्राँग यांनी आवाज उंचीत भरलाच नाही. लहरी किती दाट, किती विरळ, यात तो भरला. मग उंचीत काही गडबड झाली तर रेडिओने ती कुंपणाच्या मेंदीसारखी वरून छाटून टाकायची. हेच एफएम. १९३३ च्या डिसेंबरात त्यांना पेटंट मिळालं. १९३५ साली जाणकारांसमोर दाखवलं, तेव्हा कागद चुरगाळल्याचा आणि पेल्यात पाणी ओतल्याचा आवाजसुद्धा जसाच्या तसा ऐकू आला.

आता मॅरियन. या इतिहासात तिचं नाव एखाद्या ओळीत येतं, मी जरा जास्त सांगणार आहे. आरसीए ही त्या काळची मोठी रेडिओ कंपनी, तिचे कर्तेधर्ते डेव्हिड सार्नॉफ. मॅरियन मॅकिनिस त्यांची सेक्रेटरी होती. १९२३ साली आर्मस्ट्राँगशी तिचं लग्न झालं तेव्हा नवऱ्याने भेट म्हणून उचलून नेता येईल असा रेडिओ स्वतः बनवून दिला. पुढे त्याच कंपनीने एफएम वापरलं आणि मोबदल्यावरून तंटा झाला. १९४८ साली आर्मस्ट्राँग कोर्टात गेले. वर्षं गेली, पैसा गेला, घरातली शांतता गेली. १९५३ च्या अखेरीस भांडणात त्यांचा हात बायकोवर उठला आणि ती बहिणीकडे निघून गेली. १९५४ च्या जानेवारीअखेर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी उंच इमारतीतून उडी घेऊन जीव दिला.

मारणाऱ्या नवऱ्याचा खटला बाईने का चालवावा, असं मलाही वाटलं. तिच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण तिने तो चालवला. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली, पैसे दिले. मग एकेक कंपनीशी ती लढत राहिली. शेवटचा मोठा खटला मोटोरोलाशी, गाडीत रेडिओ आणणाऱ्या त्याच कंपनीशी. तो १९६७ साली तिच्या बाजूने लागला. तेरा वर्षं!

आपल्या देशात एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झालं. २००६ च्या धोरणानंतर संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली, तीही एफएमवरच. आमच्या राजूर घाटात एफएम खरखरतं, पण ती डोंगराच्या आडोशाची खरखर. वळण संपलं की आवाज परत येतो. गाडीतला दोष असा वळणावर सुटत नाही.

मग आमचा ‘कुंईं’ कुठला? आमची गाडी डिझेलची. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लगच नसतो, आणि हे मला दुकानात माहीत नव्हतं. रेसबरोबर चढणारा सूर हा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा. (गंमत म्हणजे गाडीच्या अल्टरनेटरच्या कामातही त्या वेव्हरिंग यांचं नाव घेतात.) हा सूर हवेतून येत नाही, वायरीतून येतो. त्यामुळे आर्मस्ट्राँगची छाटणी इथे उपयोगाची नाही.

आम्ही मैदानात गाडी उभी केली. इंजिन बंद, सूर बंद. इंजिन सुरू, सूर सुरू. डेकचा आवाज शून्यावर नेला, तरी भोंग्यात ‘कुंईं’ होतंच. म्हणजे गडबड डेकच्या पुढे. मोबाइलचा चार्जर काढून पाहिला, फरक नाही. काही गाड्यांत तोच गुन्हेगार असतो, म्हणून तेवढं आधी बघाच.

इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग मागे हात घातला. ॲम्प्लिफायरची अर्थ वायर रंगाच्या पापुद्र्यावर स्क्रूने दाबलेली, तीही ढिली. डेकची अर्थ पुढे वेगळीच. दोन अर्थमध्ये फरक पडला की अल्टरनेटरचा सूर डेक ते ॲम्प्लिफायरच्या वायरीवर चढतो. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दोन्ही अर्थ एकाच जागी घट्ट आवळल्या. थोडा सूर उरला. आवाजाची वायर करंटच्या वायरीला चिकटून नेलेली होती, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने ओढली. बॅटरी जोडली, इंजिन सुरू केलं, रेस दिली. जाहिरात ऐकू आली, आणि कोणीतरी मागून खोकलेलंसुद्धा, जे आम्ही भरताना ऐकलंच नव्हतं.

खर्च सॅंडपेपरचा, दहा रुपये. जुना डेक गटाच्या कपाटात आहे. चांगला वाजतो.